शकूरभाईची डावी दाढ

अमडापूरच्या शकूरभाईला भेटणारा माणूस आधी त्याच्या दातांची खुशाली विचारायचा, मग पोराबाळांची. यात थट्टा नव्हती. दसरा उलटून कापूस घरात यायला लागला, की आसपासच्या पंधरा-वीस गावांतल्या कापसाचा निकाल शकूरभाईच्या डाव्या दाढेखाली लागे. निकाल देणाऱ्याची तब्येत धडधाकट असावी असं कोणाला वाटणार नाही?

वामनरावांच्या जिनिंगवर, रुईतून सरकी वेगळी करायच्या कारखान्यावर, तो पारखी होता. टेम्पो फाटकाशी उभा राहिला, की शकूरभाई बाही वर सारून कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचा. वरच्या थराकडे तो बघतही नसे. वरचा कापूस पाहुण्यांसाठी असतो, घरचा खाली असतो, असं तो म्हणे. तळातली मूठ उपसायची, बोटांनी रुई ओढून सरकी मोकळी करायची, ती तोंडात टाकून डावीकडच्या वरच्या-खालच्या दाढांमध्ये धरायची आणि दाबायची. कट्ट करून फुटली तर कापूस वाळलेला. दबून चपटी झाली तर ओला. मग सरकी थुंकून तो म्हणायचा, "जाऊ द्या आत," नाहीतर, "वल्ला आहे भाऊ. घरी न्या, दोन दिवस पसरवा." ओला कापूस गंजीत गेला की आतून तापतो, रुई पिवळी पडते आणि एका गाडीपायी शंभर गाड्यांचा माल नासतो. त्यामुळे या निकालावर अपील नव्हतं.

एकतीस वर्षं हे चाललं होतं. देशी सरकी गेली, हायब्रीड आली, मग बीटी आलं. दरवर्षी पाकिटावरचं नाव नवं, बोंडाचं चित्र आणखी मोठं. शकूरभाईनं एकेका नव्या सरकीशी दाढेची ओळख करून घेतली. ओलावा मोजायचं मशीनही वामनरावांनी मध्यंतरी आणलं होतं. पण मशीनवर आकडा आला की शेतकरी म्हणायचे, शेठनं काटा फिरवून ठेवला. दाढेला असं कोणी म्हणायचं नाही, कारण त्याच दाढेनं एकदा वामनरावांच्या सख्ख्या मेहुण्याचा कापूस भर फाटकातून परत पाठवला होता. मशीन कपाटात गेलं. शकूरभाई खुर्चीवर राहिला.

आता दाढा काही कोणाच्या बापाच्या नोकर नसतात. साखर, तंबाखू-चुना आणि तीन दशकं सरक्या फोडणं, एवढं सोसून त्या टिकल्या हेच नवल. पन्नाशी ओलांडल्यावर उजवीकडच्या एकामागून एक गेल्या. शकूरभाईनं पर्वा केली नाही. डावीकडची एक वरची, एक खालची शाबूत होती, आणि पोटापाण्याला तेवढी जोडी पुरे होती. मटणाची बोटी चावता येईना तेव्हा तो रस्सा-भाकरीवर आला. शबाना, त्याची बायको, कुरकुर करायची. तो म्हणायचा, "खाने के वास्ते नहीं हैं ये, काम के वास्ते हैं."

गुलाबी बोंडअळीनं कपाशीची दाणादाण उडवली त्या साली घात झाला.

उंद्रीचा ज्ञानेश्वर एकच टेम्पो घेऊन आला होता. अळीच्या तावडीतून वाचलेला त्याचा तेवढाच कापूस होता. शकूरभाईनं सरकी दाबली. ती फुटली नाही. दुसरी घेतली, तीही मऊ लागली.

"वल्ला आहे भाऊ."

"शकूरभाई, चार दिवस धाब्यावर वाळवला म्या. हात लावून पाह्य."

"हात काय सांगते? दाढ सांगते ना!"

"पुन्यांदा पाह्य एकडाव."

मागे सात-आठ टेम्पो उभे होते. एकतीस वर्षांत दाढेला कोणी "पुन्हा बघ" म्हटलं नव्हतं. शकूरभाईचं डोकं फिरलं. "माही दाढ खोटी आहे का बे?" तो सगळ्यांदेखत ओरडला. ज्ञानेश्वर त्याच्या वयाचा, पोरपणापासूनचा ओळखीचा. तो गाडीत चढला. टेम्पो वळवून निघून गेला.

त्यानं कापूस पुन्हा धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, पसरला. तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ अचानक भरून आलं आणि कापूस गोळा करायला त्याची बायको आशाबाई शिडीनं वर चढली. ती उतरेपर्यंत सर आली आणि ओल्या शिडीवरून तिचा पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं. बुलढाण्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, सळई बसली, आणि त्यानंतर आशाबाई काठीशिवाय चालली नाही.

शकूरभाईला वाईट वाटलं, पण ते शेजाऱ्याच्या दुःखाचं वाटतं तेवढंच. कापूस ओला होता, त्याला तो काय करणार? आठ दिवसांनी जिनिंगच्या आवारात बसल्या बसल्या त्यानं सहज एक सरकी तोंडात टाकली. मागच्या सालची, पोत्यातून सांडलेली, उन्हात वाळून खडखडीत झालेली. दाबली, तर मऊ लागली.

त्यानं दुसरी घेतली. मग तिसरी. मग तोंडात बोट घालून खालची दाढ हलवून पाहिली. चिखलात रोवलेल्या खुंटीसारखी ती हलत होती. सरकी दबत नव्हती, दाढच खाली दबत होती. तो किती वेळ तसाच तोंडात बोट घालून बसला होता, ते त्यालाही आठवत नाही. एवढं मात्र आठवतं, की त्या क्षणी त्याला पहिलं काय वाटलं असेल तर ती भीती होती. आशाबाईची दया नंतर आली. आधी भीती आली, की हे कोणी पाहिलं तर नाही ना.

त्या दिवसापासून शकूरभाई भिऊनच जगला. सरकी तोंडात टाकायचा, जिभेनं फिरवायचा, पुढच्या दातांनी फोडून कट्ट असा आवाज काढायचा आणि जवळपास सगळ्यांनाच "जाऊ द्या आत" म्हणायचा. निकाल बोटांच्या आणि वासाच्या अंदाजानं ठरायचा, उरलेला नशिबावर. पुन्हा कोणाचा वाळलेला माल परत जाऊ नये, एवढंच तो बघायचा. "शकूर यंदा नरम पडला," वामनराव हसून म्हणाले, तेव्हा त्यानं घाईनं पुढच्या टेम्पोत हात खुपसला. आशाबाईला भेटायला तो दवाखान्यात गेला, केळी घेऊन. खाटेशी उभा राहून "अल्लाह बरं करन" म्हणाला आणि घामाघूम होऊन बाहेर आला. माणसाचा गुन्हा केला तर तो त्या माणसानंच माफ करावा लागतो, वरून परभारे मिटत नाही, हे तो लहानपणापासून मशिदीत ऐकत आला होता. नमाज पढताना ते वाक्य आठवायचं आणि तो सजदा लवकर उरकायचा.

हंगाम संपला. पावसाळाभर दाढ ठणकली. गालावर सूज आली, साखर चढली. पोळा झाल्यावर शबानानं ऐकलं नाही. चिखलीला दातांचा नवा दवाखाना निघाला होता, तिथे ती त्याला घेऊनच गेली. पायऱ्या चढून आत पाऊल टाकलं, तर दाराजवळच्या टेबलाशी आशाबाई बसलेली. काठी खुर्चीला टेकवलेली, पुढ्यात नंबर लिहायची वही.

"या शकूरभाई! या भाभी!" आशाबाई मनापासून हसली. "आमच्या पूनमचाच दवाखाना आहे. घरी बसून जीव कंटाळते, म्हून मी इथं येऊन बसते. बसा, लवकर पाठवते तुमाले."

शकूरभाईला मागच्या मागे पळून जावंसं वाटलं. पण शबानानं दंड धरून ठेवला होता.

डॉक्टर पूनम, ज्ञानेश्वरची थोरली पोर, लहानपणी कापसाच्या गाडीवर बसून जिनिंगवर यायची. तिनं आरशाचा चमचा तोंडात घातला, सळईनं दाढेला टोचलं, फोटो काढला आणि सरळच सांगितलं, "चाचा, खालची दाढ गेलेली आहे. मुळाशी पू झालाय. पू आहे तोवर साखर आटोक्यात यायची नाही, आणि साखर अशी राहिली तर पू पसरत जाईल. काढावी लागेल."

"मंग खातीन कायनं?" शबानानं विचारलं.

पूनमनं टेबलावरून प्लास्टिकचा एक जबडा उचलला. त्यात खऱ्यासारखे दात होते आणि एका जागी स्क्रू होता. शकूरभाईनं तो स्क्रू पाहिला आणि हाताच्या मुठी आवळल्या. पूनम समजावून सांगू लागली. दाढ काढायची, जखम भरू द्यायची, मग हाडात असा स्क्रू बसवायचा. हाड त्याला धरून घेतं, त्याला तीन-चार महिने जातात. मग वर दाढेची टोपी. कवळीसारखी ती काढ-घाल करावी लागत नाही, जेवताना हलत नाही. शेजारचे चांगले दात त्यासाठी कानसून बारीक करावे लागत नाहीत, आणि हाडाला काम मिळत राहिलं की जबडा झिजून आत बसत नाही.

"बोटी चाबता येईन?"

"येईल, चाची. उजवीकडे पण दोन बसवले तर भाजलेला भुट्टासुद्धा खातील."

शबानाचा चेहरा उजळला. पूनमनं जबडा खाली ठेवला. "पण सगळं गोड-गोड सांगणार नाही. खालच्या हाडातून एक नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहतो, कधी कायमचा. म्हणून आधी स्कॅन करू, नस कुठे आहे ते बघू. साखर अशीच राहिली तर हाड स्क्रू धरणार नाही, सैल होऊन निघून येईल. तंबाखू आजपासून बंद. आणि बसवला म्हणून सुटलात असं नाही, रोज नीट साफ करावा लागेल, नाहीतर त्याच्याही भोवती पू होतो. दहातले एक-दोन जण असे परत येतात, ज्यांचा पुन्हा काढावा लागतो. तुमची साखर बघता तुम्ही त्यात नसालच असं मी म्हणणार नाही."

शकूरभाईला यातलं निम्मं ऐकूच आलं नाही. ओठ बधिर झाला तर झाला. त्याच्या मनात एकच गोष्ट होती.

"बेटा," तो म्हणाला, "त्यानं सरकी कळन का?"

पूनम आधी हसली. मग हसायची थांबली, कारण तिला गाडीवरून पाहिलेला शकूरचाचा आठवला असावा.

"चाचा, आपल्या दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो. भातात केस आला तरी दाताला कळतो ना, तो त्या पडद्यामुळे. स्क्रूला तो पडदा नसतो, तो सरळ हाडातच असतो. चावेल खणखणीत. पण दाताखाली काय आहे, ते बारीक सांगणार नाही. तुमची सरकी त्याला कळायची नाही." तिनं विचारलं, "पण आता तरी कळते का? एवढ्या हलणाऱ्या दाढेनं?"

"कळते ना," शकूरभाई घाईनं म्हणाला. "चांगली कळते."

शबानानं त्याच्याकडे पाहिलं. पूनमनं कागदावर काही लिहिलं आणि दाढ काढायला पुढचा सोमवार दिला. बाहेर पडताना आशाबाई काठी टेकत दारापर्यंत सोडायला आली. "भिऊ नका," ती म्हणाली. "पोरीचा हात हलका आहे."

तो सोमवार शकूरभाईनं ताप आल्याचं सांगून टाळला. त्याच्या पुढचा देऊळगाव राजाहून जावई मोईज येणार म्हणून टाळला. शबानानं मग दिवाळीनंतरचा सोमवार पक्का केला. गावात सल्ल्याला तोटा नव्हता. शेजारचे उकंडराव आपली कवळी सदऱ्याच्या खिशात बाळगत आणि जेवायला बसले की काढून ठेवत. तेही म्हणाले, "स्क्रू-बिक्रू नोको रे बाप्पा, कवळी कर, झंझट नाही." कोणी म्हणालं, एका माणसाचा ओठ असा बधिर झाला की चहा सदऱ्यावर सांडतो आणि त्याला पत्ताच लागत नाही. कोणी म्हणालं, कर, आजकाल सगळे करतात. शकूरभाई सगळ्यांना हो म्हणे. स्क्रूची भीती खरीच होती. हाडात भोक पाडणार म्हटलं की त्याचे तळपाय गार पडत. पण ती भीती बाहेरच्या ओसरीतली. आतल्या खोलीत दुसरीच बसली होती. दाढ काढली तर वामनरावांना सांगावं लागणार. वामनराव विचारणार, बिघडली कवापासून? मग गावोगावचे लोक आठवायला लागणार, कोणाचा माल कोणत्या दिवशी परत गेला. उंद्रीत तर आठवावंही लागणार नाही. आणि दाढ तशीच ठेवली तर? पू होईल, साखर चढेल, फार तर मरण येईल. पण विचारणारं कोणी नसेल.

"डर लगता तो बोलो ना जी," शबाना एका सकाळी म्हणाली. त्यानं तिला सांगितलं नाही. ते सांगायचीही त्याला भीती वाटली.

दिवाळी झाली आणि हंगाम सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, ज्ञानेश्वरचा टेम्पो रांगेतून पुढे आला. वर्षभरात दोघांची समोरासमोर गाठ अशी पडली नव्हती. ज्ञानेश्वर उतरला, टोपी नीट केली आणि खुर्चीजवळ आला. शकूरभाईनं नजर चुकवून कापसात हात घातला, मूठ काढली, सरकी मोकळी केली आणि तोंडात टाकली.

"शकूरभाई, यंदा सात दिवस वाळवला," ज्ञानेश्वर म्हणाला. "मागच्या साली म्या तुह्याशी वाद घातला, ते काही डोक्यातून जात नाही. घाई माहीच होती. वल्ला कापूस घेऊन आलो, अन् वरतून तुलेच 'पुन्यांदा पाह्य' म्हनलं. तिचा पाय माह्या घाईपायी गेला. तू त नीटच सांगतलं होतं. राग धरू नोको."

सरकी शकूरभाईच्या जिभेवर होती. त्यानं ती डावीकडे सरकवली आणि दाबली. दाढ खाली गेली, कळ डोक्यापर्यंत गेली. कापूस वाळलेला होता की ओला, त्याला काहीही कळलं नाही.

"जाऊ द्या आत" एवढंच म्हणायचं होतं. ज्ञानेश्वर खूश होऊन गेला असता. कधीच, कोणालाच काही कळलं नसतं. पकडला जाण्याच्या भीतीनं तो वर्षभर सुकला होता, आणि आता पकडणारा माणूस स्वतःच हात जोडून माफी मागत होता. या जगात तरी तो सुटला होता; वरच्या हिशोबात त्याला माफ करणारं मात्र आता कोणी उरणार नव्हतं. ते लक्षात आलं आणि शकूरभाई असा घाबरला, जसा पूर्वी कधीच घाबरला नव्हता. त्यानं सरकी थुंकली.

"भाऊ, तो कापूस वाळला होता."

"हाव ना. सात दिवस—"

"यंदाचा नाही. मागच्या सालचा."

ज्ञानेश्वरला कळेना. शकूरभाईनं तोंड उघडलं, बोट आत घातलं आणि डावी दाढ हलवून दाखवली. पुढे, मागे. बोटाला रक्त लागलं.

"सरकी नाही दबली, भाऊ. हे दबलं."

ज्ञानेश्वर त्या बोटाकडे बघत राहिला. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. आवारातली दोन-तीन माणसं जवळ सरकली. वामनराव ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले.

"कवा समजलं तुले?"

"आठ दिवसानं."

"मंजे तू दवाखान्यात आल्ता केळं घेऊन, तवा तुले माहीत होतं."

"हाव."

"तिच्या खाटीपाशी उभा होता तवा."

"हाव."

ज्ञानेश्वरनं टोपी काढली, हातात धरली, पुन्हा घातली. तो मारेल असं शकूरभाईला वाटलं, आणि मारलं तर बरं होईल असंही वाटलं. पण ज्ञानेश्वरचा हात उठला नाही. त्यानं ड्रायव्हरला टेम्पो मागे घ्यायला सांगितलं आणि पुढच्या सीटवर चढून बसला. मग काचेतून मान बाहेर काढली.

"पूनमकडं दाढ काढाची आहे ना तुले?"

"हाव. येत्या सोमवारी."

"तिले मी नाही सांगनार. तिच्या मायलेबी नाही. तू सांगजो." ज्ञानेश्वरचा आवाज शांत होता. "अन् तिनं दाढ काढ्याच्या आंधी सांगजो."

टेम्पो फाटकाबाहेर गेला. शकूरभाई खुर्चीचा दांडा धरून उभा राहिला. आज गुरुवार होता.